खाऱ्या हवेतला गीझर

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना आठवत असेल, बंब ‘जुना झाला’ असे कधी कोणी म्हणत नसे. मधली नळी गळू लागली तर तांबट येऊन डाख लावून जाई, तोटी बिघडली तर तोटी बदलत, खालची जाळी जळाली तर लोहाराकडून नवी येई. बंब मात्र तोच. आजीच्या लग्नाच्या वेळी घरात आलेला बंब नातवाच्या मुंजीलाही पाणी तापवी. कोकणात तर त्याला जळणही विकतचे लागत नसे. सोडणे, करवंट्या, चुडते, आवारात जे पडेल ते चाले. एकच पथ्य होते. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही. नाहीतर डाख सुटलाच म्हणून समजा.

आता न्हाणीघरात गीझर आला. बटण दाबले की काम झाले, धूर नाही, डोळे चोळणे नाही. पण घाटावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारा हाच गीझर अलिबाग, गुहागर, मालवण, वेंगुर्ले अशा ठिकाणी लवकर कुरकुरू लागतो. कुठे बुडाशी तांबूस ओघळ दिसतो, कुठे बटण दाबताच घरातली वीज जाते, कुठे पाण्याला वास येतो. मग घरात वाद सुरू होतो, की हा दुरुस्त करावा की भंगारात घालून नवा घ्यावा? दुकानदाराला विचारावे तर तो नवा घ्या म्हणणार, मिस्त्रीला विचारावे तर तो अजून दोन वर्षे चालेल म्हणणार. दोघांचेही कधी बरोबर असते, कधी चूक. दुखणे नेमके कुठे आहे हे आपल्याला कळले, तर निवाडा आपला आपल्याला करता येतो.

प्रथम हवेकडे पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटते तेव्हा फेसाचे असंख्य बुडबुडे फुटतात आणि त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर उडतात. त्यांतले पाणी वाटेतच आटते आणि मिठाचे कण घरादारावर येऊन बसतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा हे काम अहोरात्र करीत असतो. आता हे मीठ नुसते बसून राहिले असते तर फारसे बिघडले नसते. पण पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की काय होते, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. मिठाला पाणी सुटते. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली, की हवेतला ओलावा ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असते, आणि त्याला तर ३३ टक्के पुरतात. कोकणातल्या हवेत एवढा ओलावा बहुतेक बारा महिने असतोच. म्हणजे आपल्या डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याच्या एका पातळ पापुद्र्याखाली असतो, आणि खारे पाणी वीज चांगली वाहते. लोखंड गंजणे ही मुळात एक बारीकशी विजेचीच घडामोड आहे. खारा पापुद्रा तिला वाट करून देतो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. पावसात भिजणारे लोखंड आधी गंजेल आणि छपराखालचे सुरक्षित राहील, अशी आपली समजूत. किनाऱ्यावर बरेचदा याच्या उलट घडते. उघड्यावरच्या गजांवरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. पडवीतल्या, वळचणीखालच्या किंवा झडपांच्या खिडकीआडच्या लोखंडावरचे मीठ कोण धुणार? गीझर अशाच जागी असतो; वर, कोपऱ्यात, खिडकीजवळ, जिथे वारा पोचतो पण पाऊस आणि फडके दोन्ही पोचत नाहीत. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी मुख्य बटण बंद करून गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने गीझरचे बूड, कडा आणि टांगण्याच्या पट्ट्या पुसून घ्याव्यात आणि मग कोरड्या कराव्यात. या साध्या कामाने जेवढे आयुष्य वाढते तेवढे कुठल्याही रंगाने वाढत नाही.

आता आत पाहू. बाहेरचे कवच पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे. त्याच्या आत उष्णता धरून ठेवणारा फेसाचा थर. त्याच्या आत खरी टाकी. टाकीच्या तळाशी एक चकती बोल्टांनी आवळलेली असते. तिच्यावर तापणारा एलिमेंट, तापमान ठराविक झाले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो अडकला तर आधाराला असलेला कटआउट. पाण्याच्या वाटेवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह. आणि टाकीच्या पोटात एक गुपचूप बसलेली वस्तू, जिचे नाव बहुतेक मालकांनी ऐकलेले नसते. ती म्हणजे मॅग्नेशिअमची कांडी, कारागिरांच्या भाषेत अ‍ॅनोड रॉड. आजच्या विषयाचा अर्धा जीव या कांडीत आहे, म्हणून तिची हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

सन १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञापुढे ब्रिटिश आरमाराने एक अडचण ठेवली. लाकडी युद्धनौकांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारलेला असे आणि खाऱ्या पाण्यात तो झिजे. डेव्हीने त्या तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले. दोन धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात बुडाले की त्यांतला एक झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो, हे त्याने ओळखले होते. जस्त झिजले, तांबे जसेच्या तसे राहिले. पण गंमत अशी, की तांबे झिजत होते तेव्हा त्याच्या क्षारांमुळे शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटत नव्हते. तांबे झिजायचे थांबले आणि सगळा पसारा तळाला येऊन बसला, जहाजे जड चालू लागली. शास्त्र जिंकले, पण आरमाराने तो उपाय सोडून दिला.

आपल्या टाकीत शिंपले येत नाहीत, त्यामुळे तोच उपाय इथे निर्धास्तपणे चालतो. पोलादी टाकीला आतून काचेसारखा मुलामा भाजून बसवलेला असतो. तो कितीही चांगला असला तरी त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, सांध्याशी जास्तच. त्या छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोचते. मॅग्नेशिअम पोलादापेक्षा लवकर झिजणारा धातू. तो स्वतः झिजतो आणि पोलादाला वाचवतो. पण कांडी संपली की छिद्रांची पाळी येते. तिथून टाकीला भोक पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. भोक पडले की दुरुस्ती संपली.

तेव्हा कांडी कधी संपते हा खरा प्रश्न, आणि तो पाण्यावर अवलंबून आहे. कोकणात पाणी एका जातीचे नाही. जांभ्याच्या कातळातल्या विहिरीचे पाणी मऊ असते. साबणाला फेस भरपूर येतो, भांड्यावर पांढरे डाग पडत नाहीत. लोक त्याला उत्तम पाणी म्हणतात, आणि पिण्याला ते आहेच. पण ते बरेचदा किंचित आम्ल असते आणि धातूला ते मानवत नाही. त्यात क्षाराचा थर बसत नाही, पण म्हणूनच धातूवर ढालही तयार होत नाही. उलट पुळणीजवळच्या, शिंपल्याच्या वाळूतल्या विहिरींचे पाणी जड असते. एलिमेंटवर चुन्यासारखी पांढरी साल धरते. खाडीकाठच्या विहिरींची तऱ्हा तिसरीच. पावसाळ्यानंतर गोडे पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की मचूळ. मचूळ पाणी वीज जास्त वाहते, म्हणून कांडी त्यात भराभर झिजते. त्यामुळे पुस्तिकेत दिलेली मुदत किनाऱ्यावर प्रमाण मानू नये. नव्या गीझरची कांडी एका वर्षाने उघडून पाहावी. निम्मी उरली असेल तर पुढच्या वर्षी बदलायचीच. जवळजवळ अखंड असेल तर आणखी दोन वर्षे बिनघोर. मधली लोखंडी तार उघडी पडलेली दिसली, की एक दिवसही थांबू नये. चकती उघडली की रबराचे वायसर नवे घालावे. जुने पुन्हा बसवण्याची काटकसर महिन्याभरात ठिबकते.

दुरुस्तीला येणारा माणूस बहुधा एलिमेंट पाहतो आणि जातो. त्याला आपण होऊन विचारावे, ‘कांडी पाहिलीत का?’ हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक कमी भेटते, त्यामुळे उत्तर जरा सावरून मिळते.

पुष्कळजण म्हणतात, मग स्टेनलेस स्टीलचीच टाकी घ्यावी, गंजायचा प्रश्नच नको. घाटावर ठीक आहे. पण स्टेनलेस स्टील हे नाव थोडे फसवे आहे. पाण्यात क्लोराइड असले आणि ते पाणी गरम असले, की नेहमीच्या जातीच्या स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात आणि जोडाशी चिरा जातात. मॉलिब्डेनम घातलेली ३१६ क्रमांकाची जात त्यापेक्षा टिकाऊ, पण महाग. तेव्हा विहीर उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर साध्या स्टेनलेसच्या भरवशावर राहू नये. मुलामा दिलेली टाकी आणि वेळेवर बदललेली कांडी ही जोडी मला अधिक विश्वासाची वाटते.

आता गळतीकडे वळू, कारण दुरुस्ती की नवा हा निवाडा बहुतेक वेळा गळतीवरच होतो. गीझरखाली पाणी दिसले की लगेच टाकी गेली असे समजू नये. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेले तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. येणाऱ्या नळाला एकमार्गी झडप असेल तर हे पाव लिटर पाणी मागे जाऊ शकत नाही, ते दाबाच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. गीझर तापत असताना ठिबकतो आणि एरवी कोरडा असतो, तर तो आपले काम करतो आहे. हा थेंब त्रासदायक वाटला म्हणून व्हॉल्व्हला बूच मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. हा प्रकार जीवघेणा आहे. थर्मोस्टॅट अडकला आणि व्हॉल्व्हही बंद, तर टाकी फुटू शकते. व्हॉल्व्हला एक नळी लावून ती मोरीत सोडावी, म्हणजे थेंबाचा त्रास नाही. खाऱ्या हवेत हा व्हॉल्व्ह अडकतोही. त्याला लहान दांडा असला तर गीझर थंड असताना दोन महिन्यांतून एकदा उचलून सोडावा.

ठिबकणे चकतीच्या कडेला असेल तर वायसर बदलावे. नळाच्या जोडाला असेल तर जोड उघडून पुन्हा बसवावा. लोखंडी नळाला पितळेचा तुकडा सरळ जोडलेला असेल तर डेव्हीचाच प्रयोग तिथे चालू असतो, फक्त झिजतो आपला नळ. पण पाणी कवचाच्या आतून, फेसाच्या थरातून पाझरत असेल, तांबूस असेल आणि गीझर थंड असतानाही थांबत नसेल, तर टाकीला भोक आहे. तिथे डाख, सिमेंट, लांबी, चिकटपट्टी काही चालत नाही. मिस्त्री लावून देतो म्हणाला तरी नको म्हणावे. तो गीझर गेला.

एलिमेंट, थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह, वायसर आणि कांडी एवढ्या गोष्टी बदलता येतात आणि बदलाव्यातच. टाकी धड असेल आणि कवच आरपार गंजलेले नसेल तर दुरुस्ती फायद्याची. यांतल्या तीन-चार गोष्टी एकदमच गेल्या असतील आणि खर्च नव्या गीझरच्या निम्म्यावर जात असेल, तर मी नवा घेईन.

आता विजेचे प्रकरण. इथे मात्र पैशांचा हिशेब बाजूला ठेवायचा. एलिमेंटच्या नळीत तापणारी तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशिअम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण ती ओलावा ओढते. नळीला बारीकशी चीर गेली किंवा टोकाचे बूच सैल झाले, की पूड ओलसर होते आणि वीज पाण्यात व टाकीत झिरपू लागते. अंघोळ करणाऱ्याला तोटीला हात लावताच मुंग्या येतात. ‘थोडासा करंट मारतो’ असे लोक हसत हसत सांगतात. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभ्या माणसाला थोडासा करंट असे काही नसते. मुंग्या आल्या की त्या क्षणी मुख्य बटण बंद करावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत न्हाणीघरात पाणी चुलीवरचे न्यावे.

इथे कोणी म्हणेल, आमच्याकडे अर्थिंग केलेले आहे. ते तपासले आहे का? जांभ्याचा कोरडा कातळ वीज नीट वाहत नाही. शिवाय अर्थिंगसाठी पुरलेली जस्ताच्या मुलाम्याची नळी खाऱ्या जमिनीत काही वर्षांत खाल्ली जाते. वर तार दिसते, खाली नळीच नाही. आता साधा हिशेब करू. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. गीझरच्या टाकीत वीज उतरली तर २३० व्होल्टच्या दाबाने साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. गीझरचा फ्यूज असतो १६ अँपिअरचा. तो साडेअकरा अँपिअरला उडत नाही. म्हणजे अर्थिंग आहे, फ्यूज आहे, आणि तरीही गीझर जिवंत विजेसकट तसाच टांगलेला आहे. पावसाळ्यात जमीन ओली असताना तपासलेले अर्थिंग मे महिन्यात निराळेच असते, हेही ध्यानात घ्यावे.

पूर्वी लोखंडी नळ जमिनीतून येत आणि तेच नकळत अर्थिंगचे काम करीत. आता सगळीकडे प्लॅस्टिकचे नळ झाले, गंजाचा त्रास गेला, पण तो नकळत मिळणारा आसराही गेला. जुने नळ काढून नवे घालताना हा विचार कोणी करीत नाही.

याला उपाय आहे. ज्याला वायरमन आर.सी.सी.बी. म्हणतात, किंवा जुन्या सवयीने ई.एल.सी.बी., ते बटण मुख्य फळ्यावर असावे. जाणारी आणि परत येणारी वीज ते सारखी तोलून पाहते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत-बाहेर क्षणार्धात पुरवठा तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतले तीन भाग. फ्यूज तारेला वाचवतो, हे बटण माणसाला वाचवते. त्यावर एक लहान चाचणीची कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबून बटण पडते का पाहावे. खाऱ्या हवेत त्याचेही सांधे आखडतात.

आणि आता जे सांगतो ते कृपा करून नीट ऐका. गीझर लावला की हे बटण पडते, वरचेवर वीज जाते, घरातले कंटाळतात, आणि कोणीतरी वायरमन सांगतो, ‘हे बटणच खराब आहे, काढून सरळ जोडून देतो.’ जोडून देतो, वीज जायची थांबते, सगळे खूश. वास्तविक बटण ओरडून सांगत होते, की एलिमेंट फुटला आहे. आपण सांगणाऱ्याचे तोंड बंद केले. बटण पडत असेल तर गीझरची पिन काढून पाहावी. पिन काढल्यावर बटण टिकले, तर दोष गीझरात आहे आणि एलिमेंट बदलण्याला दुसरा पर्याय नाही.

पिनेवरून आठवले. तांब्यापितळेची भांडी कळकतात, तशाच प्लगच्या पिना आणि तारांची टोके खाऱ्या हवेत कळकतात, हिरवट होतात. दोन किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज घेतो. कळकलेल्या जोडात अर्धा ओहम रोध जरी आला, तरी तिथे ३८ वॉट उष्णता तयार होते. कारागिराच्या डाख लावायच्या विजेरी खड्याएवढी. प्लगचे प्लॅस्टिक तपकिरी होते, त्याचा वास येतो. असा प्लग आणि असे सॉकेट दोन्ही बदलावीत, एक बदलून उपयोग नाही. सॉकेट न्हाणीघराच्या आत ठेवण्यापेक्षा बाहेरच्या भिंतीवर असलेले बरे.

आणखी एक जागा कोणी वर मान करून पाहत नाही. ती म्हणजे गीझर टांगलेला असतो त्या पट्ट्या आणि बोल्ट. २५ लिटरचा गीझर म्हणजे नुसत्या पाण्याचेच २५ किलो, त्यावर गीझरचे स्वतःचे वजन. हे सगळे अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर. पट्टी भिंतीकडच्या बाजूने गंजते, पुढून रंग छान दिसतो. शिवाय भिंत चिऱ्याची असेल तर विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीचे हिशेब तिला लागू नाहीत. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. गिट्टी ठोकली की भोवतीचा जांभा भुगा होऊन सुटतो, आणि फुगून घट्ट बसणारा बोल्ट तिथे फुगतो पण घट्ट बसत नाही. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट आरपार घालून पलीकडून पट्टी लावावी, किंवा मोठे भोक करून सिमेंटमध्ये बोल्ट पुरावा आणि ते पुरते सुकल्यावरच वजन द्यावे. बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत. इथे पाणी गरम नाही, तेव्हा ते उत्तम टिकतात. जुना गीझर काढून नवा लावताना जुन्याच बोल्टांवर टांगण्याचा मोह होतो. भोके जुळली तरी तो टाळावा.

नवा घ्यायचाच ठरला, तर आकाराचा हिशेब आधी. कोकणात नळाचे पाणी हिवाळ्यातही फारसे गार नसते. २७ अंशांचे पाणी धरले तर १५ लिटरच्या गीझरमधल्या ६० अंशांच्या पाण्यात २३ लिटर साधे पाणी मिसळून अंघोळीजोगे, ४० अंशांचे, ३८ लिटर पाणी होते. म्हणजे दोन बादल्या. ते तापायला दोन किलोवॉटच्या गीझरला सुमारे १७ मिनिटे आणि अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. नाशिकच्या थंडीसाठी घेतलेला आकार दापोलीत घेण्याचे कारण नाही. ६० अंश हे तापमान ठीक आहे. त्याहून वर गेले की साल जास्त धरते आणि भाजण्याची भीती वाढते. पाणी सतत कोमटच ठेवले तर त्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. कवच प्लॅस्टिकचे घ्यावे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०८२ क्रमांकाच्या मानकाचा शिक्का पाहावा. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी टाकी किती दाब सोसते तेही पाहावे, कारण वरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली सुमारे एक किलो दाब वाढतो. गरम पाण्याचा नळ सी.पी.व्ही.सी.चा असावा, थंड पाण्याचा साधा प्लॅस्टिक नळ तिथे मऊ पडून सुटतो. दोनच माणसे असतील तर लहान, लगेच पाणी देणारा तीन किलोवॉटचा गीझर कोकणाला चांगला मानवतो. पाणी मुळातच ऊबदार असल्याने मिनिटाला तीन-सव्वातीन लिटर अंघोळीचे पाणी तो देतो. मात्र तो १३ अँपिअर वीज घेतो, तेव्हा जुन्या बारीक तारेवर जोडू नये.

गॅसच्या गीझरबद्दल थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. तो न्हाणीघराच्या आत लावू नये. बाहेर, उघड्या हवेत लावावा आणि नळ आत आणावा. पावसाळ्यात झडीमुळे खिडक्या बंद असतात, हवा आत येत नाही, ज्योत अपुऱ्या हवेवर जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि दार आतून बंद असते. खाऱ्या हवेत बर्नरची भोके गंजाने बुजतात, म्हणजे धोका आणखी वाढतो. ज्योत निळी न राहता पिवळी झाली, की वापर थांबवून साफ करून घ्यावा.

राहता राहिली चाकरमान्यांची घरे. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी, एरवी कुलपात. अशा घरातल्या गीझरचे पाणी जाताना काढून टाकावे, असे बरेचजण सांगतात. मुलाम्याच्या टाकीला ते हिताचे नाही. कांडी पाण्यात बुडालेली असेल तरच टाकीला राखते. रिकाम्या टाकीत दमट हवा भरते आणि राखणदार कोरडा बसतो. टाकी भरलेली ठेवावी, मुख्य बटण बंद करावे आणि पिन काढून ठेवावी. परत आल्यावर पिन लावायच्या आधी गरम पाण्याचा नळ सोडावा. पहिले पाणी कुजक्या अंड्यासारखा वास मारील. राजापूरजवळच्या उन्हाळ्याला गंधकाचा वास येतो, त्याच जातीचा हा वास. बंद टाकीतले काही जंतू आणि मॅग्नेशिअम यांच्या संगतीने तो तयार होतो. नळातून आधी फुस्स करून हवाही येईल. ती नुसती हवा नसते; कांडी झिजताना सुटलेला हायड्रोजन तिच्यात असू शकतो, आणि तो पेट घेतो. म्हणून त्या वेळी न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी, जवळ उदबत्ती, निरांजन, विडी काही नको. पाच-सात मिनिटे पाणी वाहू द्यावे. स्वच्छ, अखंड धार लागली, की टाकी भरलेली आहे याची खात्री झाली, मग आर.सी.सी.बी.ची कळ दाबून पाहावी, आणि त्यानंतरच गीझर सुरू करावा. पहिली टाकी पुरती तापू द्यावी आणि ते पाणी मोरीत सोडून द्यावे. अंघोळ दुसऱ्या टाकीने.